खडकाला पाणी भेटले आणि चिकण झाली



ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने खाडीचा पूल ओलांडला, की भिवंडी तालुक्यातले कशेळी गाव लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता गोदामेच गोदामे दिसतात. पण खाडीच्या बाजूला वळले तर जुन्या भातखाचरांच्या खुणा अजून ओळखू येतात. गेल्या उन्हाळ्यात तिथे एका शेतकरी काकांच्या ओटीवर बसण्याचा योग आला. त्यांचे खाडीकाठचे शेत बांध फुटल्यापासून ओस पडले होते. भरतीचे पाणी आत येत होते आणि परत जात होते. थोरल्या मुलाचे म्हणणे असे, की आता मुरमाचा भराव टाकू द्यावा आणि मोकळे व्हावे.

काका मला म्हणाले, “साहेब, माती मेली. पाऊस पडला की लोण्यासारखी होते, पाय उचलत नाही. ऊन पडले की दगड होते, कुदळ लागत नाही. मेलेल्या मातीत काय करायचे?”

तेवढ्यात त्यांचा नववीतला नातू एक रिकामी पिशवी घेऊन आला. पुलाच्या कामावरून कुठून तरी वाऱ्याने उडून आली होती. त्याने विचारले, “आजोबा, बेंटोनाइट म्हणजे काय?”

मी काकांना म्हणालो, “काका, तुमच्या शेतात जी मेलेली माती आहे ना, तिचीच ही सख्खी बहीण. पिशवीत भरली म्हणून लोक पैसे मोजून नेतात, आणि शेतात फुकट मिळते म्हणून तुम्ही तिला मेलेली म्हणता.” काकू आतून हसल्या, पण काकांना ते पटले नाही. त्यांना त्या दिवशी जे सांगितले, तेच आज सविस्तर तुम्हाला सांगतो. ज्यांच्या शेतात, विहिरीत किंवा शेततळ्यात चिकण माती आहे, अशा प्रत्येक घराला ते उपयोगी पडेल.

पिशवीतली माती

बेंटोनाइट ही एक चिकण माती आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात ती सापडली, आणि १८९८ साली नाइट नावाच्या भूशास्त्रज्ञाने तिथल्या ‘बेंटन’ नावाच्या खडकाच्या थरावरून तिला हे नाव दिले. तिच्यातल्या मुख्य खनिजाचे नाव मात्र त्याहून जुने आहे. फ्रान्समधील माँटमोरियाँ गावावरून १८४७ साली त्याला ‘माँटमोरिलोनाइट’ म्हणू लागले. नाव लांबलचक आहे, पण माल आपल्या ओळखीचा आहे. आपल्या काळ्या रानाला भेगा पाडणारी चिकण याच कुळातली. घरात बायका तोंडाला लावतात ती मुलतानी मातीही याच कुळातली.

पुलाच्या किंवा मोठ्या इमारतीच्या खांबासाठी जमिनीत खोल भोक पाडतात, तेव्हा त्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट कालवलेले पाणी भरतात. तेलविहिरी खणताना ते लागते. लोखंडाच्या ओतकामात साच्याची वाळू बांधून धरायला ते वापरतात. पशुखाद्याच्या गोळ्या बांधण्यासाठी आणि खाद्यातले बुरशीचे विष शोषून घेण्यासाठीही ते घालतात; पण ते तपासून शुद्ध केलेले असते. कोणी शेतातली माती उचलून गुरांच्या आंबोणात कालवू नये.

एका ग्रॅममध्ये सात गुंठे

या मातीच्या अंगी इतके गुण कोठून येतात? तिच्या बांधणीतून येतात. वाळूचा कण हा नुसता भरीव खडा असतो. चिकणीचा कण म्हणजे पापडांची चळत. एकेक पापड इतका पातळ, की एका मिलिमीटरच्या जाडीत सुमारे दहा लाख पापड मावतील. या कुळातल्या चिकणीत दोन पापडांमध्ये पाणी शिरू शकते. पाणी शिरले की चळत फुगते, पाणी निघाले की बसते. उन्हाळ्यात आपल्या रानाला हात जाईल एवढी भेग पडते आणि पहिल्या चार पावसांत ती बुजते, ते यामुळेच.

हे सगळे पापड सुटे करून अंथरले, तर एका ग्रॅम शुद्ध मातीचे क्षेत्र सातशे-आठशे चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर मातीत सात गुंठे! पाणी, खत आणि क्षार धरून ठेवायला एवढी जागा तिच्यापाशी असते. म्हणून काळे रान हे ताकदीचे रान. दोष असेल तर तो तिच्या ताकदीचा आहे. ती मेलेली आहे म्हणून नाही.

काळ्या पत्थराचे दोन मुलगे

आता ही माती आली कोठून ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमीन फाटून तापलेला रस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. तोच आपला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. आज तो जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे, भिवंडीच्या खाणीतली खडी, घराच्या पायाचा दगड, पाटा-वरवंटा, सगळे त्याचेच. त्यात निम्मा भाग सिलिका असतो. बाकी अॅल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडे सोडियम असते. रस जिथे चटकन थंड झाला, तिथे त्याची काच झाली. ही काच आणि काही खनिजे पाण्यापुढे फार काळ टिकत नाहीत. पाणी त्यांना हळूहळू विरघळवते आणि त्याच मालातून चिकणीचे पापड नव्याने रचले जातात.

मात्र पाणी कसे भेटते याला महत्त्व आहे. उंचावर धो धो पाऊस पडून पाणी सारखे वाहून गेले, तर ते सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम सारे धुऊन नेते आणि मागे लोह-अॅल्युमिनियमचा तांबडा जांभा उरतो. माथेरानला किंवा रत्नागिरीला जाल तिथे तो दिसेल. पाणी जिथे मुरते, रेंगाळते आणि विरघळलेला माल तिथेच ठेवते, तिथे मात्र फुगणारी चिकण तयार होते. म्हणजे एकाच बापाचे हे दोन मुलगे. पाणी ज्याने जसे पाहिले, तसा तो वाढला.

भेग म्हणजे पाण्याची वाट

तुम्ही म्हणाल, वरून पडणारे पाणी समजले. पण अखंड कातळाच्या पोटात चिकण कशी होते? खाणीत काम केलेल्या कोणालाही विचारा. चांगला काळा दगड निघत असतो आणि मध्येच एक तिरकी पट्टी लागते. तिथला दगड चुरा झालेला असतो. हिरवट किंवा तांबूस, हाताला साबणासारखी लागणारी माती त्यात भरलेली असते. खाणवाला कपाळाला हात लावतो. भूशास्त्रज्ञ मात्र तिथेच बैठक मारतो.

जमिनीच्या ताणाने खडक फाटतो आणि फाटलेल्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, त्याला प्रस्तरभंग म्हणतात. प्रत्येक चीर म्हणजे प्रस्तरभंग नव्हे. लाव्हा थंड होतानाही खडकाला चिरा पडतात, पण त्यात बाजू सरकत नाहीत. प्रस्तरभंगाची खूण अशी, की विहिरीत किंवा डोंगरकड्याला दोन लाव्ह्यांच्या मध्ये जो तांबड्या मातीचा थर दिसतो, तो चिरेच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसतो. चिरेच्या अंगाला घासल्यासारखी चकाकी आणि सरळ ओरखडे असतात. काळ्या रानातले मोठे ढेकूळ फोडले, तर त्यावरही अशी चकाकी दिसते. तिथेही माती मातीवरून सरकलेली असते. फरक आकाराचा आहे.

हे सरकणे आपण सोसलेले आहे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनानगरची पहाट आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट कोण विसरेल? पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तिथली माणसे रात्री अंगणात झोपली. माणसाला ते संकट असते. खडकापुरते पाहिले, तर दर सरकण्याला चिरेतला दगड आणखी दळला जातो. जात्यात दाणे दळावेत तसा. अखंड धोंड्याला पाणी फक्त बाहेरून चाटते. दळलेल्या भुग्याला ते सर्व अंगांनी भिजवते. आणि चीर खोलवर गेलेली असली, तर पाणी आत जाऊन तापून वर येते. ऊन पाण्याचे काम थंड पाण्यापेक्षा झपाट्याने होते. डाळ थंड पाण्यात भिजते, पण आधणात शिजते, तसेच.

याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. देवीला जाऊन तिथे अंघोळ न केलेला माणूस आपल्याकडे विरळा. तिथे जवळपास ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी चिरांतून खोल जाते, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. कोकणात किनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची ओळच आहे; ती खाली राजापूरपर्यंत जाते. कोकणातले लाव्ह्याचे थरही समुद्राकडे वाकलेले आहेत. पनवेलजवळ हा वाक स्पष्ट दिसतो म्हणून त्याला त्या गावाचे नाव मिळाले. वाकताना खडक तडकला आणि पाण्याला वाटा मिळाल्या.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वज्रेश्वरीला किंवा कशेळीला बेंटोनाइटची खाण नाही. पाण्याची वाट आहे म्हणजे खाण होईलच असे नसते. काचेचा किंवा राखेचा भरपूर माल, चिरांचे दाट जाळे, मुरणारे पाणी आणि लाखो वर्षांची सवड, एवढे सगळे एका ठिकाणी जुळावे लागते. स्पेन देशाच्या आग्नेय टोकाला काबो दे गाता नावाचा ज्वालामुखी खडकांचा डोंगराळ भाग आहे. तिथे ते जुळले. तिथल्या चिरांच्या कडेने खडकाची बेंटोनाइट झाली आहे. चिरेजवळ मऊ पांढरट माती आणि तिच्यापासून दूर जावे तसा कडक दगड. ही माती अणुभट्टीतला घातक कचरा जमिनीखाली कोंडून ठेवायला चालेल का, हे पाहण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये डोंगराच्या पोटात १९९७ साली एक प्रयोग सुरू केला आणि तो अठरा वर्षे चालला. जी माती पाणी अडवते म्हणून आपण कुरकुरतो, तिच्यावर जगातले शास्त्रज्ञ केवढा भरवसा टाकायला निघाले आहेत पाहा!

आपल्या देशात बेंटोनाइट मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात निघते. कच्छमधली बेंटोनाइट तर आपल्याच काळ्या पत्थराच्या जातीच्या खडकापासून झालेली आहे. वायोमिंगची तऱ्हा वेगळी. तिथे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख उथळ समुद्रात पडली आणि तिची माती झाली. वाटा तीन झाल्या: समुद्रात पडलेली राख, चिरेतून फिरलेले पाणी, आणि रानात मुरलेला पाऊस. तिन्ही वाटांच्या शेवटी चिकण एकाच कुळातली निघते.

पाणी जसे, तसा स्वभाव

आता मुद्द्याची गोष्ट. एकाच कुळातली असून दोन चिकणींचा स्वभाव एक नसतो. पापडांच्या मध्ये काही क्षारकण बसलेले असतात. एसटीच्या बाकांवर उतारू बसावेत तसे. एक उतरला की दुसरा त्याची जागा घेतो. यातले दोन उतारू ओळखून ठेवा. कॅल्शियम हा दोन हातांचा गडी. तो एका हाताने एक पापड आणि दुसऱ्या हाताने दुसरा पापड घट्ट धरतो. माती फुगते, पण बेताने. तिचे दाणे बनतात, तिच्यातून हवा-पाणी खेळते. सोडियमला एकच हात. त्याच्याने पापड धरले जात नाहीत. पाणी शिरले की चळत सुटत जाते, पापड अलग होऊन पाण्यात तरंगतात, मातीची छिद्रे बुजतात.

बांधकामवाल्यांना सोडियमचीच बेंटोनाइट हवी असते, कारण ती सुक्या मापाच्या दहा-पंधरा पट फुगते. आपल्याला शेतात कॅल्शियमची हवी. दोन्हींत खनिज तेच. ज्या पाण्यात माती राहिली त्या पाण्याने तिचा स्वभाव ठरवला.

कशेळीच्या काकांच्या शेतात नेमके हेच झाले होते. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतला गाळ म्हणजे आपल्याच डोंगरांची झिजलेली काळी माती. त्यात ही फुगणारी चिकण भरपूर. जोवर बांध शाबूत होता आणि पावसाचे गोडे पाणी वरून येत होते, तोवर मातीतला कॅल्शियम टिकून होता. बांध फुटला, समुद्राचे पाणी आत आले, आणि समुद्राच्या पाण्यात सोडियम उदंड. भरतीगणिक दोन हातांचे गडी उतरत गेले आणि एका हाताचे चढत गेले. माती मेली नाही. तिच्या बाकांवरचे उतारू बदलले. आणि जे उतारू बदलले, ते परत बदलता येतात.

पेल्यातली परीक्षा

काकांना हे ऐकून पटले नाही, म्हणून आम्ही ओटीवरच परीक्षा केली. तुम्हीही करून पाहा. शेतातले बोराएवढे सुके ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घ्या. विहिरीचे मचूळ पाणी घेऊ नका. त्यातल्या क्षारांनी परीक्षा फसते. ढेकूळ अलगद सोडा आणि पेला न हलवता दोन तास ठेवा.

ढेकूळ नुसते विस्कटले आणि पाणी निवळ राहिले, तर सोडियमची बाधा कमी. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग उभा राहिला आणि तो बसेना, तर सोडियमने माती सुटते आहे असे समजा.

एक सावधगिरी. माती फार खारी असली, तर मिठाच्या जोराने पापड गोळा राहतात आणि ढग दिसत नाही. म्हणून त्याच मातीचे दुसरे ढेकूळ तीन-चार वेळा गोड्या पाण्यात धुऊन, सुकवून, पुन्हा परीक्षा करावी. काकांच्या मातीचे असेच झाले. पहिल्या पेल्यात पाणी स्वच्छ राहिले. धुतलेले ढेकूळ मी चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा पाण्यात सोडले, आणि तासाभरात पेला ताकासारखा झाला. मग शेजारच्या पेल्यातल्या तशाच गढूळ पाण्यात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळले. थोड्या वेळाने माती खाली बसली आणि वर पाणी निवळले. काका पेल्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “म्हणजे हिला अजून कळते,” एवढेच म्हणाले.

पेल्याची परीक्षा दिशा दाखवते. प्रमाण दाखवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मातीचा नमुना द्यावाच. उन्हाळ्यात, शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा घेऊन, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. सगळी एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे आणि अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरावी. अहवालात तीन आकडे पाहावेत. क्षारता ४ च्या वर असेल तर जमीन खारी, सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. दोन्ही दोष एकत्रही असतात.

क्रम चुकला की पैसा वाहून जातो

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत खाडीकाठच्या एका शेतकऱ्याला मी उत्साहाने जिप्सम टाकायला लावले. पुस्तकातला हिशेब बरोबर होता. पण बांधाची घळ बुजलेली नव्हती. दोन अमावस्यांच्या उधाणांत खारे पाणी आत येऊन सगळे धुऊन गेले. त्या भल्या माणसाने मला एक शब्दही लावला नाही. तेच मला जास्त लागले. तेव्हापासून क्रम पाठ झाला आहे, तो असा:

पहिला बांध. खारबंदिस्ती आणि उघाडी नीट केल्याशिवाय शेतात एक रुपयाही घालू नका. बांध एकट्याचा नसतो. दहा घरांनी मिळून खारभूमी खात्याकडे अर्ज करावा. पडीक खाचरात तिवरे उगवली असतील तर त्यांना हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल देऊन तिवरांची तोड आणि त्यांवर भराव टाकणे यांना बंदी केली आहे. त्यामुळे बांध किंवा भराव, काहीही करण्याआधी तहसील कचेरीत लेखी चौकशी करावी. भराव टाकून मोकळे व्हावे म्हणणाऱ्या मुलांनाही हे दाखवावे.

दुसरे धुणे. आपल्या कोकणात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस फुकट मिळतो. उथळ नांगरून, छोटे बांध घालून पावसाचे पाणी खाचरात कोंडावे, दोन-चार दिवसांनी ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावे, पुन्हा कोंडावे. मीठ याने निघते.

तिसरे जिप्सम, तेही अहवालात सोडियम जास्त निघाला तरच. नुसती खारी जमीन पुष्कळदा धुण्यानेच सुधारते. मीठ निघून गेल्यावर मागे सोडियम उरला, तर माती सुटून गच्च होते. त्या वेळी जिप्समचा कॅल्शियम कामाला येतो. प्रमाण अहवालाप्रमाणे घ्यावे. वरच्या थरात मिसळावे, पाणी कोंडावे आणि निचरा करावा, म्हणजे उतरलेला सोडियम शेताबाहेर जाईल.

चौथे सेंद्रिय खत. धैंचा, गिरिपुष्पाचा पाला, शेणखत, जे मिळेल ते. आणि पाचवे बियाणे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारे सोसणाऱ्या भातजाती दिल्या आहेत. बियाणे घेण्याआधी तुमच्या क्षारतेला कोणती चालेल ते केंद्राला विचारावे. उन्हाळ्यात शेत उघडे ठेवू नये, पेंढ्याचे आच्छादन करावे; नाहीतर खालचे मीठ पुन्हा वर चढते.

हे एका वर्षाचे काम नाही. पहिल्या हंगामात पोटापुरते पिकले तरी समाधान मानावे.

विहीर आणि शेततळे

दोन गोष्टी डोंगराकडच्या बांधवांसाठी. चुरा झालेल्या चिरेत पाणी साठते, म्हणून विहिरीसाठी ती जागा चांगली असे पुष्कळदा ऐकाल. ते अर्धे खरे आहे. चिरेतला दगड नुसता फुटलेला असेल तर पाणी चांगले लागते. पण तो दळून त्याची चिकण झालेली असेल, तर तीच चीर जमिनीखाली बांधासारखी आडवी उभी राहते. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला कोरडे. शेजाऱ्याची विहीर भरलेली आणि आपली पन्नास पावलांवर कोरडी, यामागे कधी कधी हेच कारण असते. म्हणून खर्चात पडण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला बोलवावे. विहिरीत चिकणीची किंवा तांबड्या मातीची पट्टी लागली, तर तिथे बांधकाम करूनच खाली जावे. पावसाळ्यात ती फुगते, सुटते आणि वरचा दगड घेऊन खाली येते. आत माणूस असतो, हे विसरू नये.

शेततळे झिरपत असेल, तर बेंटोनाइटचे अस्तर देता येते. जमीन पाहून चौरस मीटरला साधारण ५ ते १५ किलो लागते. रेताड जमिनीला जास्त. ती मातीत सारखी मिसळून, दाबून, वर वीतभर साध्या मातीचा थर द्यावा. मात्र तळे कोरडे पडू देऊ नये. अस्तर सुकले की भेगा पडतात, आणि गुरे आत उतरली की ते फुटते. ज्यांचे तळे दर उन्हाळ्यात आटते त्यांनी या खर्चात पडू नये.

आणि कोणी येऊन “तुमच्या रानात बेंटोनाइट आहे, माती विकून टाका” म्हणाला, तर आधी नमुना तपासून घ्या. माती आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत; परवानगीशिवाय आणि स्वामित्वधन भरल्याशिवाय ती उचलली तर दंड जमीनमालकालाही होतो. वरची हातभर माती एकदा गेली की ती आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही परत मिळायची नाही.

कशेळीच्या काकांनी मेअखेर नमुना दिला. अहवालात क्षारता बरीच निघाली, सोडियमही थोडा जास्त निघाला. बांधासाठी अर्जावर त्यांच्यासकट सात घरांच्या सह्या झाल्या आहेत. आणखी तिघांना ते समजावीत आहेत. थोरल्या मुलाने अजून हो म्हटलेले नाही. पण भराववाल्याला त्याने पावसाळ्यानंतर या असे सांगितले आहे. नातवाने तो पेला खिडकीत ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ढवळून दाखवतो, आणि माती पुन्हा खाली बसेपर्यंत त्याला उठू देत नाही.

तुमच्या घरीही एक पेला आणि एक ढेकूळ असेलच. पाऊस पडण्याआधी परीक्षा करून पाहा.